डाव्या कोपऱ्यातला पाहुणा

गुरुबसप्पा सरपंच "यंदा जत्रेत तुझा सत्कार करू" म्हणाले आणि बजरंगला त्याचा अर्थ लगेच कळला. आमच्याकडं खेळाडूचा सत्कार दोनच वेळा होतो. एकदा तो कुठून तरी जिंकून आला की, आणि एकदा तो संपला की. बजरंग कुठूनही जिंकून आलेला नव्हता.

"सत्कार नको सरपंच," तो म्हणाला. "मला खेळायचंय. करंजखेडीकडून."

सरपंचांनी सुपारी कातरायची थांबवली. औशाजवळच्या या गावात गेली अठरा वर्षं हा विषय कुणी काढला नव्हता, आणि खुद्द बजरंगच तो काढील असं तर कुणाच्या ध्यानीमनीही नव्हतं.

"अरे, बसताना तुझे गुडघे वाजायलेत, उठताना वाजायलेत. लोकांनी खेळ बघावा का गुडघे ऐकावेत?"

"एकच स्पर्धा. ही झाली की बंद. शिल्पाला शब्द दिलाय म्या."

बजरंग कबड्डीतला डावा कोपरा. चढाई करणाऱ्याची मजा असते. मांडीवर थाप त्यानं मारायची, शिट्ट्या त्याला, पेपरात फोटो त्याचा. कोपऱ्यातल्या माणसानं वाकून उभं राहायचं, समोरच्याच्या पायांकडं बघत राहायचं, आणि घोटा टप्प्यात आला की धरायचा तो सोडायचाच नाही. फोटोत तो आलाच, तर चढाईवाल्याच्या खाली, तोंड मातीत. असल्या एका फोटोत बजरंगच्या आईनं त्याला नुसत्या भेगाळलेल्या टाचेवरून ओळखलं होतं आणि कात्रण देव्हाऱ्यात ठेवलं होतं.

अठरा वर्षांत त्यानं इतक्या संघांच्या जर्सी घातल्या की त्याच्या बायकोनं, शिल्पानं, त्यातल्या निम्म्यांची पायपुसणी केली तरी ट्रंक भरलेलीच होती. साखर कारखान्याचा संघ होता, तो गाळपाबरोबर बंद पडला. बँकेचा संघ होता. तिथं खेळाडू म्हणून घेतलं आणि साहेबांच्या चहाला पाठवलं. उदगीरकडच्या एका संघात सगळे कन्नड बोलायचे. त्यातलं "हिडी" म्हणजे "धर" एवढं त्याला कळलं, आणि तेवढ्यावर त्यानं आख्खा हंगाम काढला. किनवटला एका आश्रमशाळेच्या वसतिगृहात मुक्काम करून तो तीन तालुक्यांच्या स्पर्धा खेळला. एकदा तर टीव्हीवरच्या लीगमध्ये त्याची निवड झाली. तिथं तो हंगामभर राखीव बाकावर बसला. कॅमेरा त्याच्याकडं एकदाच वळला, तेव्हा तो पाणी पीत होता. करंजखेडीनं ते चावडीपुढं पडद्यावर पाहिलं. माईकशिवाय ज्यांना चैन पडत नाही ते रेणुकादास गुरुजी तेव्हा म्हणाले, "चला, पाहुण्यांना निदान तहान तरी लागली."

'पाहुणे.' हाच शब्द बजरंगच्या जिव्हारी लागायचा.

त्याचं असं झालं होतं. एकोणीस वर्षांचा असताना तो गावातला सगळ्यात चिवट कोपरा होता. पण संघाचे कप्तान होते हेच गुरुबसप्पा, आणि त्यांनी डाव्या कोपऱ्यात आपला मेहुणा उभा केला. या मेहुण्याला वाकणं म्हणून जमत नव्हतं. बजरंग रुसला. शेजारच्या गावानं त्याला बोलावून घेतलं, नवे बूट दिले, आणि अंतिम सामन्यात त्यानं करंजखेडीच्या कप्तानाचाच घोटा असा धरला की सामना गेला आणि घोटाही गेला. गुरुबसप्पा अजून थंडीत लंगडतात. त्या दिवशी माईकवर गुरुजी होते. चौथीत त्यांनीच बजरंगला पाढे शिकवलेले. ते कर्ण्यातून ओरडले, "ज्या मातीत वाढला तिचाच पाय ओढला! लोकहो, हा आपला नव्हे!"

पुढं गुरुजींनी त्याचं नाव कधी घेतलं नाही. बजरंग कोणत्याही संघाकडून करंजखेडीच्या जत्रेत आला, की कर्ण्यातून "पाहुणा खेळाडू, डावा कोपरा" एवढंच यायचं. बजरंगचे वडील ग्यानोबा त्या दिवसापासून मैदानाकडं फिरकले नाहीत. बजरंगला एवढंच हवं होतं की एकदा, गुडघे कायमचे बसायच्या आधी, त्या कर्ण्यातून आपलं नाव यावं आणि त्याच्यापुढं करंजखेडी यावं. बाकी करंडक वगैरे त्यानं आयुष्यात दुसऱ्यांच्या कपाटातच पाहिले होते.

"माझं चाललं असतं तर घेतलो असतो बाबा," सरपंच पुन्हा सुपारीकडं वळत म्हणाले. "पण नियम हाय. तुझं आधार कुठलं?"

आधार नायगावचं होतं.

या नियमाची कथा म्हणजे बजरंगचीच कथा. पूर्वी जत्रेच्या स्पर्धांत कोण कुठला हे कुणी विचारायचं नाही. एका हंगामात बजरंग तीन गावांकडून 'गावचा खेळाडू' म्हणून खेळला. त्यातली दोन गावं एका उपांत्य सामन्यात समोरासमोर आली आणि दोन्ही याद्यांत बजरंगचं नाव निघालं. दोन्हीकडचे कप्तान छातीठोकपणे म्हणाले, हा आमचा भूमिपुत्र. पंचांनी डोक्याला हात लावला. तेव्हापासून लातूर आणि नांदेड दोन्ही जिल्ह्यांतल्या जत्रांनी ठरवलं की आधारवर गावाचा पत्ता असेल तोच गावचा. बाकीचे पाहुणे, आणि पाहुणे संघात फक्त दोन. पोरं याला 'बजरंग नियम' म्हणतात. बजरंगनं त्यावर तोड काढली. ज्या गावाकडून खेळायचं तिथला पत्ता तो आधारवर टाकून घेऊ लागला. फोटो तोच राहिला, पत्ता फिरत राहिला. शेवटी शिल्पाची बदली माहेरी नायगावला, जिल्हा परिषदेच्या शाळेत झाली, बिऱ्हाड तिकडं गेलं आणि पत्ता तिथंच थांबला. सासऱ्यांच्या घराचा पत्ता. म्हणजे सरकारदरबारी तो रीतसर घरजावई होता.

"पत्ता उद्याच बदलायला टाकतो," तो म्हणाला.

"जत्रा रविवारी हाय. तवर आधार येतंय का तुझं? तू कायद्यानं पाहुणा हायस. आन पाहुण्यांच्या दोन्ही जागा भरल्या. हरियाणाची दोन पोरं आणलीत. सकाळी दूध, बदाम, सगळं चालू हाय त्यांचं." सरपंचांनी सुपारी तोंडात टाकली. "तू शाल घे, नारळ घे, स्टेजवर बस. इज्जतीत राहा."

बजरंग लातूरला येऊन नांदेडच्या बसमध्ये बसला आणि आख्ख्या रस्त्यात स्वतःला शिव्या देत राहिला. करंजखेडीकडून खेळायला दोन हरियाणवी पोरं चालत होती. ज्याची नाळ तिथं पुरली तो चालत नव्हता, आणि तो नियमही त्याच्याच पराक्रमानं आलेला. दुसरं कुणी असतं तर बजरंग पोट धरून हसला असता.

घरी शिल्पा वह्या तपासत होती. सगळं ऐकून घेतल्यावर तिनं विचारलं, "शाल घेणार हाव का?"

"शाल घेतली की मेलोच की मी."

"मग खेळा. आमच्याकडून खेळा."

शिल्पाचा धाकटा भाऊ दयानंद नायगावच्या संघाचा कप्तान होता. खताचं दुकान आणि संघ, दोन्ही तो सारख्याच आरडाओरड्यानं चालवायचा. त्याला खबर लागली तेव्हा तो पळतच आला. "दाजी, तुमी आमचे लोकल हाव! आधारसकट! आमचा डावा कोपरा बाळंतपणाला गेलाय."

"कोपरा?"

"त्याची बायको हो. त्यो तिच्यासंगं दवाखान्यात बसून हाय."

बजरंगला रडावं का हसावं कळेना. "पुन्हा गावाच्या विरुद्ध उभा राहू?"

"माती तर तीच हाय ना?" शिल्पा वहीतून मान वर न करता म्हणाली. "पाहुणे म्हणून राहा उभे. स्टेजवर बसून गुडघे चोळण्यापरीस बरं. मात्र ही शेवटची. पुढच्या रविवारी मला तुमी भाजी आणताना दिसायला पाहिजे."

रविवारी जत्रा भरली. करंजखेडीत उद्घाटनाचे सत्कार सामन्यांपेक्षा जास्त वेळ चालतात. ज्यानं मंडप दिला त्याचा सत्कार, ज्यानं मंडप दिला नाही पण देणार होता त्याचाही सत्कार. हार संपले तेव्हा पहिल्या पाहुण्यांच्या गळ्यातला हार हळूच काढून सहाव्यांच्या गळ्यात गेला, आणि पहिले पाहुणे टाळ्या वाजवत राहिले. बजरंगची खुर्चीही स्टेजवर मांडली होती, वर घडी घातलेली शाल. ती दिवसभर रिकामी राहिली.

ग्यानोबा जत्रेला आले होते. देवदर्शन झालं की रसवंतीच्या बाकावर मैदानाकडं पाठ करून बसायचं, हा त्यांचा अठरा वर्षांचा नेम. सामन्याशी आपला काही संबंध नाही, हे ते सगळ्यांना सांगायचे आणि दर थोड्या वेळानं रसवंतीवाल्याला विचारायचे, "काय झालं?"

नायगाव एकेक सामना काढत अंतिम फेरीत आलं. समोर करंजखेडी येणार हे ठरलेलंच होतं. त्यांचा तो उंच हरियाणवी चढाईला आला की बचाव करणारे गव्हाच्या पेंढ्यांसारखे आडवे व्हायचे. ऊन उतरलं. सामना सुरू व्हायच्या आधी पाण्याच्या टँकरमागं गुरुबसप्पांनी बजरंगला गाठलं. आवाज अगदी मऊ केला होता.

"बजरंग, घामानं हात निसटतोय कधी कधी. माणूस हाय. कोण काय म्हणत न्हाई."

सरपंच अजून जवळ सरकले.

"आज गाव जिंकलं तर पुढच्या साली करंजखेडीचा प्रशिक्षक तू. तुझा पत्ता म्या खुद्द बदलून आणतो. गुरुजीला सांगून माईकवरून नाव घ्यायला लावतो तुझं, गावासकट. झालं गेलं गंगेला मिळालं."

बजरंग मैदानाकडं वळला. पण खोटं कशाला बोला, त्याच्या मनानं ते घेतलं. जे मागायला तो आला होता तेच समोर ठेवलं होतं, आणि त्यासाठी काही करायचं नव्हतं. फक्त एक घोटा थोडा आधी सोडायचा होता. त्यानं वाकून माती कपाळाला लावली. समोर हरियाणवीच्या छातीवर मोठ्या अक्षरांत 'करंजखेडी' लिहिलं होतं. बजरंगला त्या पोराचा भयंकर हेवा वाटला.

"नायगावच्या संघात पाहुणा खेळाडू, डावा कोपरा," कर्ण्यातून गुरुजींचा आवाज आला.

"पाहुणा न्हाई, लोकल हाय!" दयानंद ओरडला. "आधार बघा!" लोक हसले. बजरंगला ते हसू बोचलं.

सामना खालीवर होत राहिला. बजरंगनं दोन पकडी केल्या आणि दोनदा बाद होऊन बाहेर बसला. प्रत्येक वेळी उठताना गुडघा असा वाजला की पंचांनी मागं वळून पाहिलं. शेवटच्या चढाईला नायगाव एका गुणानं पुढं होतं. चढाई करंजखेडीची. हरियाणवीनं मांडीवर थाप मारली आणि मैदानाभोवतीचं आख्खं गाव उभं राहिलं. दोघांना शिवून तो परतला तर करंडक करंजखेडीचा. धरला गेला तर नायगावचा. देवळाच्या पायरीपाशी फटाक्यांची लांब माळ मांडलेली होती आणि तिच्यापाशी रुद्रेश नावाच्या पोराला बसवलं होतं. रुद्रेशला कबड्डीतलं ओ की ठो कळत नव्हतं. त्याला एवढंच सांगितलेलं होतं की शेवटच्या चढाईला गुरुजी ओरडले की पेटव.

बजरंगनं दयानंदचा हात धरला. कबड्डीत कोपरा आणि त्याच्या शेजारचा एकमेकांचा हात धरून उभे राहतात, बोलत नाहीत. करंगळी दाबली की थांब, अंगठा दाबला की मी जातोय. बजरंगनं आयुष्यात किती जणांचे हात असे धरले असतील त्याचा हिशेब नाही. नावं विसरला तरी हात आठवायचे. दयानंदचा हात खताच्या पोत्यांनी खरखरीत झालेला होता, आणि घामानं ओला.

हरियाणवी उजवीकडं गेला, वळला, डावीकडं आला. बजरंग पाय बघत होता. त्याला तोंड दिसत नव्हतं, छातीवरचं नाव दिसत नव्हतं, नुसते पाय. डावा पाय किंचित जड पडला. त्यानं अंगठा दाबला.

घोटा हातात आला. पुढच्या क्षणी दयानंद हरियाणवीच्या पाठीवर पडला. दोघांनी धरलेला चढाईवाला रेषेपर्यंत पोचला की दोघंही बाद, दोन गुण, करंडक करंजखेडीचा. आणि तो पोचतच होता. ताकदीचा गडी होता. दोघांना ओढत, कोपरं मातीत रोवत तो मध्यरेषेकडं सरकत होता. बजरंगचा गुडघा वळला तशी कळ थेट मस्तकात गेली. त्या कळेतही त्याला सरपंचांचा मऊ आवाज स्वच्छ आठवला. सोड. कुणाला कळणार नाही. गाव मिळेल. हात घामानं खरंच निसटत होता.

त्याला सोडायचं होतं. हे त्यानं पुढं शिल्पाला सांगितलं, लपवलं नाही. पण घोटा सोडायचा कसा हे त्याला कुठल्याच संघानं शिकवलं नव्हतं. साखर कारखान्यानं नाही, बँकेनं नाही, उदगीरच्या कन्नडवाल्यांनी तर नाहीच. मनानं सोडला तरी हातांनी धरून ठेवला. त्यानं कपाळ मातीत दाबलं आणि दुसऱ्या हातानं टाचेला विळखा घातला. हरियाणवीची बोटं रेषेपासून चार बोटांवर थरथरली, आणि त्याचा दम सुटला.

आणि कर्णा फाटेल असे गुरुजी ओरडले, "धरला! धरला रे! आपल्या बजरंगनं धरला!"

रुद्रेशनं माळ पेटवली. हलगीवाल्यांनी हलगी झोडली. आख्खं करंजखेडी टोप्या उडवत, एकमेकांना मिठ्या मारत नाचायला लागलं. कुणीतरी गुरुबसप्पांच्या डोक्यावर गुलाल ओतला. मातीतून उठत हरियाणवीनं पंचांना विचारलं, "हम जीत गए क्या?"

नाचता नाचता एकेकाच्या ध्यानात यायला लागलं. पुढच्या रांगेतले थांबले, मग त्यांच्यामागचे. हलगी दोन ठेके चुकून बंद पडली. फटाक्यांना कुणी थांबवू शकत नव्हतं. ते गाव हरल्याच्या आनंदात शेवटपर्यंत वाजत राहिले.

"गुरुजी!" गुलालानं माखलेले सरपंच स्टेजवर चढले. "माईक कोणाच्या बाजूनं धरलाव तुमी?"

गुरुजींचा चेहरा उतरला होता. "तोंडातून निघून गेलं," ते म्हणाले. माईक चालूच असल्यामुळं हेही सगळ्या गावानं ऐकलं. "पोरगं पकड करायलंय म्हटल्यावर... चौथीपासून बघतोय हो त्याला."

बजरंग अजून मातीतच बसला होता. गुडघा साथ देत नव्हता. त्याच्यासमोर दोन पाय येऊन थांबले. पाय बघायची त्याची सवयच होती. हे त्यानं लगेच ओळखले. ग्यानोबांच्या हातात रसाचा ग्लास तसाच भरलेला होता.

"गाव हरवलंस की रे," ते म्हणाले.

"हाव, आबा."

"दुसऱ्या बारीला हरवलंस."

"हाव."

म्हाताऱ्यानं ग्लास त्याच्या हातात दिला. "पी. मग बघू उठतंय का तुला." आणि रस पिऊन होईपर्यंत ते मैदानाकडं तोंड करून तिथंच उभे राहिले.

बक्षीस समारंभात गुरुबसप्पांनी गुरुजींच्या हातून माईक काढून घ्यायचा एक प्रयत्न केला, पण गुरुजींच्या हातातून माईक निघणं हरियाणवीच्या घोट्याइतकंच अवघड होतं. करंडक दयानंदनं घेतला. मग राहिलं उत्कृष्ट पकडीचं बक्षीस, म्हणजे एक स्टीलची पाण्याची टाकी. गुरुजींनी पंचांनी दिलेला कागद डोळ्यांजवळ धरला. कागदावर आधारप्रमाणे नाव होतं, पत्ता होता. गुरुजी खाकरले. सगळं गाव त्यांच्या तोंडाकडं बघत होतं. सरपंच तर जास्तच बघत होते. या वेळी तोंडातून निघून गेलं म्हणायची सोय नव्हती.

बजरंग दयानंदच्या खांद्यावर हात टाकून एका पायावर उभा होता. शिल्पा शेजारी येऊन थांबली होती. त्याला वाटलं, आता 'पाहुणा' आलंच. त्यानं दात आवळले.

गुरुजींनी चष्मा काढला आणि कागदाची घडी घालून खिशात ठेवली. लग्नपत्रिका वाचतात तशा ठाशीव आवाजात ते म्हणाले, "उत्कृष्ट पकड. बजरंग ग्यानोबा. राहणार करंजखेडी." सरपंचांकडं एक नजर टाकून त्यांनी पुढचं घाईनं उरकलं, "हल्ली मुक्काम नायगाव."

बजरंगला पुढचं काही दिसेना. तो भर मैदानात, लहान पोरासारखा, ढसाढसा रडला. शिल्पानं पदर पुढं केला, मग पाण्याची बाटली पुढं केली. "पाणी प्या," ती म्हणाली. "तेवढं तुमाला सगळ्यांसमोर चांगलं जमतं."

मग तो दयानंदला सोडून एकटाच स्टेजकडं निघाला. गुडघा प्रत्येक पावलाला वाजत होता, आणि करंजखेडी चिडीचूप बसून तो ऐकत होतं.